ग्रामनामांचे उच्चारभेद, वऱ्हाडातील

एकाच गावाचे नाव निरनिराळे भाषिक गट, निरनिराळ्या बोली बोलणारे लोक अथवा निरनिराळ्या लिपींतून ते वाचणारे लोक यांच्या तोंडी वेगवेगळ्या रूपांत आढळते. यास ग्रामनामाचा उच्चारभेद म्हणतात. वऱ्हाडात, म्हणजे मुख्यतः अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांत, हे भेद विशेष दाट आहेत. मराठीची वऱ्हाडी बोली, दखनी वळणाची उर्दू आणि हिंदी यांचा येथे शतकानुशतके शेजार आहे. शिवाय या प्रदेशाचा कारभार मोडी, फार्सी, रोमन व देवनागरी अशा चार लिपींतून झाला आहे. या भेदांना सामान्यतः अपभ्रंश म्हणून बाजूस सारले जाते. तथापि त्यांतील बहुतेक नियमबद्ध आहेत. इतकेच नव्हे, तर नावाच्या इतिहासाचा जो पुरावा लेखनात पुसला गेला, तो कित्येकदा अशिक्षित समजल्या जाणाऱ्या उच्चारातच टिकून राहिलेला दिसतो. अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे याचे ठळक उदाहरण होय.

बाळापूर : अकोला जिल्ह्यातील तालुक्याचे हे ठिकाण मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर वसले आहे. अकबराच्या काळी ते वऱ्हाड सुभ्याच्या नरनाळा सरकारात मोडत असे. आईन-इ-अकबरीत त्याचा उल्लेख असून तेथील ओढ्यांच्या काठी सापडणाऱ्या सुंदर दगडांची तीत नोंद आहे. येथील किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने बांधावयास घेतला व एलिचपूरचा नबाब इस्माईलखान याने तो १७५७ मध्ये पुरा केला. मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री नदीकाठी आहे. ऑगस्ट १७२० मध्ये निजामुल्मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला, तो या गावानजीकच्या लढाईत. गावाचे नाव किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या बालादेवीच्या मंदिरावरून पडले, असे परंपरा सांगते.

या नावाचे तीन उच्चार प्रचलित आहेत. शिक्षित मराठी भाषक ‘बाळापूर’ म्हणतो, उर्दू व हिंदी भाषक ‘बालापूर’ म्हणतो आणि आसपासच्या खेड्यांतील वऱ्हाडी भाषक ‘बायापूर’ म्हणतो. तिन्ही उच्चार एकाच बाजारात, एकाच दिवशी ऐकू येतात. त्यांपैकी पहिला शुद्ध व उरलेले दोन अशुद्ध, अशी मांडणी केली जाते. ती भाषेच्या दृष्टीने टिकत नाही. उर्दूत व प्रमाण हिंदीत ‘ळ’ हा वर्ण नसल्यामुळे त्या भाषांत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येणे हे नियमाला धरूनच आहे. वऱ्हाडी बोलीत स्वरानंतरच्या ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा, काळा, पिवळा हे शब्द तीत डोया, काया, पिवया असे होतात. बाळापूरचे बायापूर होते ते याच नियमाने.

नावाच्या व्युत्पत्तीचा विचार करताना या तीन रूपांचे साक्षीमूल्य मात्र सारखे नाही. ‘बाला’ हा शब्द दोन भाषांतून येऊ शकतो. संस्कृतात त्याचा अर्थ कुमारी, आणि त्यावरून देवीचे नाव. फार्सीत त्याचा अर्थ वरचा, उंचावरचा. किल्ल्याच्या गावाला हा दुसरा अर्थही शोभून दिसतो. फार्सी लिपीत दोन्ही शब्द एकाच रीतीने लिहिले जातात आणि रोमन लिपीतही ‘ल’ व ‘ळ’ यांना एकच अक्षर आहे. त्यामुळे केवळ दप्तरातील लेखनावरून हा प्रश्न सुटत नाही. बोलीचा उच्चार येथे उपयोगी पडतो. दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे हा मराठीच्या प्राकृतातून झालेल्या घडणीचा एक प्रमुख नियम आहे. ‘बाल’पासून ‘बाळ’, ‘काल’पासून ‘काळ’ हे शब्द त्याच नियमाने झाले. नंतरच्या काळात फार्सीतून आलेल्या शब्दांत सामान्यतः ‘ल’ तसाच राहतो. फार्सी ‘बाला’ हाच शब्द ‘बालेकिल्ला’ व ‘बालाघाट’ या नावांत आहे आणि तेथे त्याचा ‘बाळा’ झालेला नाही. बाळापुरातील ‘ळ’ यामुळे देवीच्या नावावरून आलेल्या व्युत्पत्तीस पुष्टी देतो. देवीचे नाव पूजापाठात संस्कृत वळणाचे, ‘बाला’ असेच राहिले. गावाचे नाव लोकांच्या तोंडी फिरत राहिल्यामुळे बदलले.

‘बायापूर’ या रूपाचे महत्त्व येथेच आहे. वऱ्हाडीत ‘लाल’, ‘माल’, ‘गेला’ यांतील ‘ल’चा ‘य’ होत नाही. ‘य’ येतो तो ‘ळ’च्या जागी. म्हणून ‘बायापूर’ म्हणणारा वक्ता, त्याने कधी देवनागरी पाटी वाचली नसली तरी, नावात मूळ ‘ळ’ होता याची साक्ष देतो. फार्सी सनदा आणि इंग्रजी नकाशे ती देऊ शकत नाहीत. अर्थात एकट्या ‘बायापूर’वरही विसंबता येत नाही. त्यातील ‘य’ मूळचाही असू शकला असता, आणि ‘बाया’ म्हणजे स्त्रिया असा अर्थ लावून एखादी नवी दंतकथा रचणेही अवघड नाही. तिन्ही रूपे एकत्र ठेवली म्हणजेच निर्णय शक्य होतो.

वऱ्हाडी बोलीचे उच्चारनियम : ग्रीअर्सन याच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीची काही वैशिष्ट्ये नोंदलेली आहेत. ‘ळ’चा ‘य’ होणे, ‘ण’च्या जागी ‘न’ येणे, तसेच ‘इ’ व ‘ए’ या स्वरांपूर्वीचा शब्दारंभीचा ‘व’ गळणे ही त्यांपैकी ग्रामनामांना लागू पडणारी होत. पहिल्या नियमाने जळगावचे जयगाव व बार्शीटाकळीचे बार्शीटाकयी होते. जळगाव नावाची दोन प्रसिद्ध गावे आहेत. एक खानदेशातील जिल्ह्याचे ठिकाण व दुसरे बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद. ‘जयगाव’ हा उच्चार दोहोंकडे ऐकू येतो, कारण खानदेशातील अहिराणीतही ‘ळ’चा ‘य’ होतो. उच्चाराची सीमा जिल्ह्याच्या वा प्रांताच्या सीमेबरोबर थांबत नाही, हे यावरून दिसते. वऱ्हाडातही सर्वत्र एकच प्रकार नाही. काही ठिकाणी ‘ळ’च्या जागी ‘र’ ऐकू येतो. शिवाय एकच व्यक्ती घरी व शेतात एक रूप वापरते आणि कचेरीत वा शाळेत दुसरे.

ध्वनिनियमाची साक्ष सर्वत्र निर्णायक असतेच असे नाही, हे यवतमाळच्या नावावरून ध्यानात येते. या नावातील ‘माळ’ म्हणजे उंच, मोकळी जमीन, असा अर्थ सहज सुचतो. तथापि तो अंश मूळचा ‘महाल’, म्हणजे परगण्याचा वाचक अरबी–फार्सी शब्द, असावा असेही मत आहे. ते खरे मानल्यास ‘महाल’चा ‘माल’ व मराठी भाषकांच्या मनात ओळखीच्या शब्दाशी सांगड बसून पुढे ‘माळ’ झाला असे म्हणावे लागते. अशा ठिकाणी उच्चाराबरोबर जुने लेखही तपासणे आवश्यक ठरते.

अचलपूर व एलिचपूर : शुद्ध नाव आणि अपभ्रंश ही विभागणी किती फसवी असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमरावती जिल्ह्यातील अचलपूरचे आहे. इमादशाहीची ही राजधानी मुसलमानी व इंग्रजी अमलात एलिचपूर या नावाने ओळखली जाई. त्यामुळे अचलपूर हे मूळचे नाव आणि एलिचपूर हे परक्यांनी बिघडविलेले रूप, असा समज रूढ झाला. अचलपूर हे रूप प्राचीन आहे, यात शंका नाही. राष्ट्रकूट नन्नराजाचा तिवरखेड येथील ताम्रपट अचलपुराहून दिलेला आहे. परंतु बाराव्या शतकातील गुजरातचा जैन वैयाकरण हेमचंद्र याने आपल्या प्राकृत व्याकरणात या एका नावासाठी स्वतंत्र सूत्र दिले असून त्यात ‘च’ व ‘ल’ यांची अदलाबदल होऊन अलचपुर हे रूप होते, असे सांगितले आहे. एलिचपूर या नावातील ‘ल’नंतर ‘च’ हा क्रम तोच आहे. अल्लाउद्दीन खल्‌जीची दक्षिणेवरील पहिली स्वारी तेराव्या शतकाच्या अखेरची. लोकांच्या तोंडी झालेला हा वर्णविपर्यय त्याहून किमान एका शतकाने जुना आहे. म्हणजे परकीय समजले गेलेले रूप वस्तुतः या भूमीतील प्राकृत भाषकांचेच होते. ईल नावाच्या राजावरून एलिचपूर हे नाव पडले ही कथा नावाचा बदललेला उच्चार समजावून घेण्यासाठी मागाहून जोडली गेली असावी.

फार्सी दप्तर व फार्सी–अरबी मूळाची नावे : मुसलमानी अमलात दोन प्रकारचे भेद उत्पन्न झाले. पहिला, देशी नावे परभाषक लेखकांनी लिहिताना झालेला. वऱ्हाडचे बरार व वाशीमचे बासीम झाले ते या प्रकारचे. फार्सी लिपीत ‘व’साठी अक्षर असूनही येथे ‘ब’ आढळतो. तेव्हा हा बदल लिपीचा नसून ‘व’च्या जागी ‘ब’ उच्चारणाऱ्या उत्तरेकडील लेखकांच्या बोलीचा असावा. ‘ऱ्ह’ हा जोडध्वनी त्यांना अपरिचित, म्हणून तेथे साधा ‘र’ आला, आणि दोन स्वरांमधील ‘ड’चा उच्चार ‘र’च्या जवळ जाणारा असल्याने त्याचाही ‘र’ झाला. हीच रूपे पुढे इंग्रजीत बेरार व बासिम म्हणून स्थिरावली.

दुसरा भेद फार्सी–अरबी नावे मराठी भाषकांच्या तोंडी बदलल्याचा. मराठीने ही नावे आपल्या वळणाने घडवून घेतली. ‘शाह’चा ‘शहा’ होतो, म्हणून शाहपूरचे शहापूर. ‘फतह’चा ‘फत्ते’ होतो, म्हणून फत्तेपूर. मुर्तजा या अरबी विशेषनामावरून आलेले मुर्तजापूर मराठीत मूर्तिजापूर झाले. मधल्या ‘अ’च्या जागी ‘इ’ येताच नावाचा आरंभ ‘मूर्ती’ या ओळखीच्या शब्दासारखा भासू लागला आणि लेखनानेही तेच रूप स्वीकारले. दर्यापूरमधील ‘दर्या’ हा फार्सी शब्द. परंपरा त्याचा संबंध दर्या इमादशाहाशी जोडते. त्याचा उच्चार ‘दर्‌-या’ असा आघातयुक्त आहे. मराठीत दरी या शब्दाचे अनेकवचन ‘दऱ्या’ असे आघाताविना उच्चारले जाते. हा फरक मराठी भाषक न शिकता पाळतो. रोमन लिपीतून वाचणाऱ्यास तो कळत नाही.

समान नावाची गावे ओळखण्यासाठी साधुसंतांची नावेही जोडली गेली. हयात कलंदर यांच्या दर्ग्यामुळे वाशीम जिल्ह्यातील मंगरूळ हे मंगरूळपीर झाले, तर अमरावती जिल्ह्यातील दुसरे मंगरूळ हे मंगरूळ दस्तगीर. जेथे असा फरक करण्याची गरज रोजची आहे तेथे जोडनाव बोलण्यात टिकले. पातूर शेखबाबू या जुन्या जोडनावाचा उत्तरार्ध मात्र व्यवहारातून मागे पडून पातूर एवढेच राहिले.

राजाज्ञेने दिलेली नावे लोकांच्या जिभेवर रुजतातच असे नाही. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने बुलढाणा जिल्ह्यातील शकरखेडा येथे मुबारिझखानाचा पराभव केला व विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फत्तेखेर्डा असे ठेवले. हे नाव कागदोपत्री बराच काळ वावरले. पण आज गाव साखरखेर्डा या नावानेच ओळखले जाते. फार्सी ‘शकर’ व मराठी ‘साखर’ हे मुळात सजातीय शब्द. लोकांनी जुने नाव सोडले नाही; त्याचा उच्चार तेवढा आपल्या भाषेचा ठेवला. याउलट, बाळापूरपासून सहा कोसांवर अकबराचा मुलगा मुराद याने वसविलेले शाहपूर त्याच्या १५९९ मधील मृत्यूनंतर ओस पडत गेले. वस्ती मोडली की नावाचा उच्चारही थांबतो आणि केवळ लेखी रूप उरते.

इंग्रजी लेखन : इंग्रजांनी नावे कानाने ऐकून लिहिली. १८०३ च्या दुसऱ्या इंग्रज–मराठे युद्धात अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर रोजी लढाई झाली. इंग्रजी इतिहासात ती आर्गाम या नावाने नोंदली गेली. येथेही ‘ड’च्या जागी ‘र’ आहे. शेवटचा ‘म’ हा पोर्तुगीज लेखनपद्धतीनुसार ‘गांव’मधील अनुनासिक दाखविण्यासाठी आलेला. मूळची अनुनासिकाची ही खूण पुढे पूर्ण ‘म’ म्हणून वाचली जाऊ लागली. त्याच युद्धात १५ डिसेंबर रोजी पडलेला गाविलगड इंग्रजीत गाविलघर झाला. अडगावच्या लढाईचे हे परके रूपच जगात प्रसिद्ध झाले.

अमरावतीचा लोकांतील उच्चार उमरावती असा होता व एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदांत तो ‘उ’साठी दोन ‘ओ’ योजून लिहिला जाई. या भागातील कापसाचा व्यापार मुंबई व लिव्हरपूल येथे वाढला तेव्हा ‘उमरा’ हे त्या कापसाच्या जातीचेच नाव बनले. शहराचे लेखी नाव पुढे बदलले. पण कापसाच्या बाजारात जुना उच्चार विसाव्या शतकातही टिकून राहिला. लायल याने संपादिलेल्या १८७० च्या वऱ्हाड गॅझेटिअरनंतर हंटर याच्या लिप्यंतरपद्धतीचा प्रसार झाला व लेखनात बरीच एकवाक्यता आली. तथापि या पद्धतीच्या व्यवहारातील रूपात ऱ्हस्व–दीर्घ, ‘ल’–‘ळ’ व ‘न’–‘ण’ हे भेद दाखविले जात नाहीत. यामुळे लेखन एकसारखे झाले, परंतु त्यावरून मूळ उच्चार ओळखणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले असे म्हणता येत नाही.

फ्रेंच मूळाच्या नावांशी तुलना : असा अनुभव अन्यत्रही आला आहे. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडमध्ये अनेक फ्रेंच ग्रामनामे रूढ झाली. हँपशरमधील ब्यूली व लेस्टरशरमधील बीव्हर यांचे लेखन आजही फ्रेंच वळणाचे आहे. केवळ अक्षरे पाहून वाचणारा पहिल्याचे बोल्यो व दुसऱ्याचे बेल्व्हार असे काही करील, परंतु स्थानिक उच्चार शतकानुशतके इंग्रजीच्या नियमांनी घडत गेलेला आहे. अमेरिकेत उलट घडले. १७०१ मध्ये फ्रेंचांनी वसविलेल्या डिट्रॉइटचे नाव सामुद्रधुनीवाचक फ्रेंच शब्दावरून पडले. फ्रेंचमध्ये त्याचा अंत्य ‘ट’ उच्चारला जात नाही. इंग्रजी भाषकांनी तो अक्षरानुसार उच्चारला. फ्रान्समधील व्हर्सायचे नाव घेतलेले केंटकी राज्यातील गाव तेथे व्हर्सेल्स म्हणूनच ओळखले जाते, आणि व्हर्साय म्हणणारा बाहेरचा ठरतो. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये राजधानीचे नाव फ्रेंच, इंग्रजी व क्रिओल भाषांत अनुक्रमे पोर लुई, पोर्ट लुइस व पोर्लुई असे उच्चारले जाते. या सर्व ठिकाणी लिपी एकच राहिल्याने लेखन व उच्चार यांतील अंतर उघड दिसते. वऱ्हाडात लिपीच वारंवार बदलली; प्रत्येक बदलाबरोबर लेखन नव्या उच्चारास जुळवून घेत गेले आणि आधीचा उच्चार दृष्टिआड झाला.

प्रमाणीकरण व त्याचे परिणाम : १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. मराठी राजभाषा झाल्याने ग्रामनामांच्या देवनागरी रूपांना अधिकृत स्थान मिळाले. १९६२ च्या मराठी शुद्धलेखन नियमांनुसार ग्रामनामाच्या अखेरीचा ‘पूर’ दीर्घ लिहिला जातो. विभक्तिप्रत्यय लागताच तो ऱ्हस्व होऊन ‘बाळापुरात’ असे रूप होते. मोडीत ऱ्हस्व–दीर्घ भेद सामान्यतः पाळला जात नसे, त्यामुळे हा दंडक जुन्या दप्तरांना लावता येत नाही. १९०५ मध्ये रद्द झालेला बासिम जिल्हा १९९८ मध्ये पुन्हा स्थापन झाला तो वाशीम या मराठी नावाने. एलिचपूरच्या जागी अचलपूर रूढ झाले.

प्रमाणीकरणामुळे कारभार सुकर झाला आणि मराठी रूपांवरील जुना अन्यायही काही अंशी दूर झाला. तथापि त्याबरोबर बोलीरूपांची पीछेहाट झाली. ‘बायापूर’ म्हणणाऱ्या मुलास शाळेत सुधारले जाते आणि तो उच्चार अडाणीपणाची खूण मानू लागतो. दुसरीकडे महामार्गावरील रोमन फलक आणि रोमन नकाशांवरून मार्ग सांगणारी यंत्रे यांच्याद्वारे ‘बालापूर’ हा ‘ळ’रहित उच्चार मराठी भाषकांतही शिरण्याचा संभव आहे. दोन्ही बाजूंनी दाब येणाऱ्या बोलीरूपास लेखी आधार नाही. उर्दू रूप उर्दू लेखनात टिकेल व प्रमाण रूप शासकीय दप्तरात. ‘बायापूर’, ‘जयगाव’, ‘बार्शीटाकयी’ ही रूपे मात्र ती उच्चारणाऱ्यांबरोबरच जातील.

म्हणून ग्रामनामांच्या नोंदी करताना अधिकृत रूपाबरोबर स्थानिक बोलीतील उच्चार, शेजारच्या भाषिक गटांचे उच्चार आणि जुन्या कागदपत्रांतील रूपे कालानुक्रमाने देणे आवश्यक आहे. यांपैकी जुने कागद जतन झाल्यास पुढेही तपासता येतील. उच्चार मात्र बोलणारा हयात असतानाच नोंदवावा लागतो. अलचपुर हे रूप हेमचंद्राने आपल्या काळी लिहून ठेवले नसते, तर एलिचपूर हे परक्यांनी बिघडविलेले नाव हा समज खोडून काढण्यास आज आधार उरला नसता.